ढगातल्या जंगलातली झुडपी जेन्शियन ओळखायला शिकताय? मग हे आधी वाचा

जेन्शियन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हिमालयातली बोटभर उंचीची निळी फुलं येतात, नाहीतर किराईताची कडू काडी. माझंही तसंच होतं. एमएस्सीला बॉटनी होती, सह्याद्रीत भरपूर फिरलेली होते, त्यामुळे आपल्याला हे कुल माहितीये अशी खात्रीच होती. आणि मग दक्षिण इक्वाडोरमध्ये लोहा शहराच्या वरच्या जंगलात माझ्या डोक्यापेक्षा उंच, वांग्याएवढी रुंद पानं असलेलं, हिरवट पिवळ्या घंटा लोंबणारं एक झाड दाखवून सोबतचे ताई-दादा म्हणाले की हे जेन्शियन. माझा पहिले दोन दिवस विश्वास बसला नाही.

या झाडांचा मुख्य वंश म्हणजे मॅक्रोकार्पिया. पुढची दोन वर्षं मी याच वंशाचे नमुने गोळा करण्यात आणि हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, शीट (नमुना चिकटवलेले कागद) उलटण्यात घालवली, आणि ज्या ज्या ठिकाणी अडकले ते सगळं मराठीत कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं तर किती बरं झालं असतं असं तेव्हा सारखं वाटायचं. आता आपली मुलं पीएचडीला, पोस्टडॉकला अँडीजमध्ये जायला लागलीयेत, काहीजण घरी बसून ऑनलाइन शीटवर काम करतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. क्रमाने जा, मधली पायरी गाळू नका.

एक शब्दांचं आधीच सांगते. मराठीत स्पीशीजला कोणी प्रजाती म्हणतं तर कोणी जाती, आणि काही पुस्तकात जीनसलाच प्रजाती म्हटलेलं असतं. मी इथे जीनसला वंश, स्पीशीजला जाती आणि फॅमिलीला कुल म्हणणारे.

१. आधी नकाशा डोक्यात बसवा

मॅक्रोकार्पिया फक्त अमेरिकेत सापडतं. कोस्टा रिका, पनामापासून अँडीजच्या कडेने कोलंबिया, इक्वाडोर, पेरू, बोलिव्हियापर्यंत, शिवाय गयाना पठारावर, ब्राझीलच्या आग्नेय डोंगरात, आणि जमैका, क्युबा, हिस्पॅनिओला या बेटांवर. जमैकाच्या ब्लू माउंटनवरचं मॅक्रोकार्पिया थॅम्नॉइडीस आणि कोस्टा रिकातलं मॅक्रोकार्पिया व्हॅलेरिओइ ही दोन नावं ऑनलाइन शोधताना सारखी भेटतील. पण खरी गर्दी अँडीजमध्ये, साधारण दीड ते तीन हजार मीटरच्या पट्ट्यात, जिथे ढग येऊन झाडांना टेकतात. तिथले लोक त्याला बोस्के नुब्लादो म्हणतात.

ग्रिसेबाख या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेल्या गटाला गिल्ग या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये स्वतंत्र वंशाचा दर्जा दिला. १९४८ मध्ये जोसेफ युअनने पहिला मोठा आढावा घेतला तेव्हा जाती होत्या तीसेक. आज शंभराच्या वर आहेत. यातली बहुतेक भर २००० नंतर जेसन ग्रँट आणि लेना स्ट्रुवे यांच्या कामातून पडली. २००३ मध्ये तर त्यांनी पोदोकार्पुस या एकाच राष्ट्रीय उद्यानातून सहा नव्या जाती दिल्या. हे आकडे अशासाठी सांगतेय की तुमच्या हातातली की, म्हणजे ओळख-तक्ता, कुठल्या सालची आहे हे सगळ्यात आधी बघायचं. १९४८ च्या कीमध्ये आज माहीत असलेल्या जातींपैकी बहुसंख्य नाहीतच. तरी की तुम्हाला काही ना काही नाव देणारच, कारण की कधीच "माहीत नाही" म्हणत नाही. नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात.

२. घरच्या झाडांवर हात बसवा

इक्वाडोरला जायच्या आधी एक पावसाळा सह्याद्रीत घालवा, हे अगदी मनापासून सांगतेय. आपल्याकडे या कुलातली झाडं कमी नाहीत. किलवर म्हणजे कॅन्स्कोरा, कडूनाई म्हणजे एनिकोस्टेमा, कड्यांवरचं स्वर्शिया, निळंजांभळं एक्झॅकम. सगळी छोटी आहेत पण कुलाचे नियम तेच. किलवरचं एक फूल घ्या, टाचणीने उभं फाडा, दहा पटीच्या भिंगाखाली धरा. एक पुंकेसर मोठा आणि बाकीचे लहान दिसतील. एक्झॅकमच्या परागकोशाच्या टोकाला भोक असतं, पराग तिथून बाहेर पडतो. हे बघायची डोळ्याला सवय लागली की पाच सेंटिमीटरची घंटा फाडणं सोपं जातं.

आणि झुडपी जेन्शियन बघायला अमेरिकेलाच जावं लागतं असंही नाही बरं का. फॅग्रिया हा वंश आपल्या पश्चिम घाटात आहे, पांढरी सुवासिक फुलं, जाड चामड्यासारखी पानं. जुन्या फ्लोरांमध्ये, म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या झाडांची नोंद असलेल्या पुस्तकांत, तो लोगॅनिएसी कुलात, कुचल्याच्या शेजारी टाकलेला असतो, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. आता तो जेन्शियनेसीत, म्हणजे जेन्शियनच्या कुलात आहे. फक्त फॅग्रियाचं फळ गरवालं असतं आणि मॅक्रोकार्पियाचं वाळून तडकणारं बोंड. एवढा एक फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

३. कागदपत्रं, आणि याला वाटतो त्याच्या दुप्पट वेळ धरा

मी इक्वाडोरचंच सांगते कारण तेच मी केलंय.

- पासपोर्ट, आणि तुमच्या कामाला चालेल असा व्हिसा. टुरिस्ट म्हणून जाऊन नमुने तोडायचे नाहीत, कधीच नाही.
- तिथल्या एखाद्या विद्यापीठाशी किंवा हर्बेरियमशी लेखी करार. स्थानिक जोडीदार नसेल तर पुढचं काहीच हलत नाही.
- पर्यावरण मंत्रालयाची संशोधन आणि नमुने गोळा करायची परवानगी. राष्ट्रीय उद्यानाचं नाव त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं.
- डीएनए काढणार असाल तर जनुकीय संसाधनांचा वेगळा करार, त्याला तिथे कोन्त्रातो मार्को म्हणतात. अँडियन देशांचा यावरचा नियम १९९६ पासूनचा आहे, जनुकीय संसाधनांवरच्या आंतरराष्ट्रीय नागोया प्रोटोकॉलच्याही आधीचा.
- जंगलातून हर्बेरियमपर्यंत नमुने न्यायचा परवाना, गिया दे मोविलिसासिओन. रस्त्यात पोलिसांनी गाडी थांबवली तर हाच कागद मागतात.
- देशाबाहेर डुप्लिकेट, म्हणजे त्याच झाडाचे जादा नमुने, पाठवायचे असतील तर निर्यातीचा परवाना.

सापळा असा की नमुन्यांची परवानगी आणि डीएनएची परवानगी एकच आहे असं समजून लोक निघतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचे डीएनएसाठी सिलिका जेलमध्ये वाळवलेले पानांचे सगळे तुकडे एक अख्खं वर्ष तिथेच पडून राहिले कारण दुसरा कागद केलाच नव्हता. आणि दुसरं, त्याच जंगलात ऑर्किड आणि वृक्षनेचे खच्चून भरलेत, दोन्हींवर सायटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत, तेव्हा छान दिसलं म्हणून गठ्ठ्यात एखादी फांदी सरकवू नका. त्या एका फांदीपायी तुमची सगळी पेटी अडकू शकते.

कोणी म्हणेल इतके नियम कशाला. आपल्याकडेही २००२ चा जैवविविधता कायदा आहे आणि बाहेरच्यांनी येऊन आपली झाडं न विचारता नेऊ नयेत असं आपल्याला वाटतंच ना, मग तिथल्या लोकांनाही तसंच वाटतं.

४. सामान

सिकेटर म्हणजे फांद्या छाटायची कात्री, शक्यतो लांब दांड्याचाही एक. भिंग. जीपीएस, उंची मोजणारं. हेडलॅम्प दोन, कारण एक बंद पडतोच. वर्तमानपत्राचे जुने अंक भरपूर, दोरी, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या. सत्तर टक्के अल्कोहोल पाच लिटर तरी. छोट्या घट्ट झाकणाच्या बाटल्या फुलांसाठी. सिलिका जेल आणि चहाच्या रिकाम्या पुड्या पानाच्या तुकड्यांसाठी. पाण्याने न भिजणारी वही. आणि पेन्सिल. पेन नाही, पेन्सिलच, त्याचं कारण आठव्या पायरीत येईल.

कपड्यांचं वेगळं सांगायला नको, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मात्र तिथेच विकत घ्या, लोहाच्या बाजारात चांगले मिळतात आणि आपल्या ट्रेकिंगच्या बुटांचा तिथल्या चिखलात काही उपयोग होत नाही.

५. जंगलात पोचलात, आता कुल पक्कं करा

लोहा शहर दोन हजार मीटरच्या थोडं वर आहे, तिथून काखानुमाच्या चौकीपर्यंत गेलात की तुम्ही पावणेतीन हजारांवर पोचता आणि थेट ढगातच उभे असता. ऑक्टोबर ते डिसेंबर जरा उघडीप मिळते, तरी पाऊस असतोच. प्रत्येक खोडावर शेवाळ, प्रत्येक फांदीवर दहा प्रकारची दुसरी झाडं, आणि समोर हिरवंच हिरवं. सुरुवातीला काहीच वेगळं दिसत नाही. घाबरू नका, या क्रमाने बघा.

पानं समोरासमोर आहेत का? नसतील तर सोडून द्या. धोतऱ्याच्या कुलातली घंटेसारखी फुलं असलेली झुडपं लांबून हुबेहूब वाटतात पण त्यांची पानं एकाआड एक असतात.

पान तोडल्यावर पांढरा चीक येतो का? येत असेल तर ते रुई-तगरीच्या कुलातलं, अपोसायनेसी.

दोन पानांच्या देठांमध्ये खोडावर त्रिकोणी उपपर्ण, म्हणजे पानासारखा छोटा तुकडा, आहे का, जसं कॉफीला किंवा इक्झोराला दिसतं? असेल तर रुबिएसी. जेन्शियनमध्ये तिथे नुसती एक आडवी रेघ किंवा कडा असते, काही जातींत ती वाढून खोडाभोवती बांगडीसारखी वर येते. ही बांगडी किती उंच आहे हे लगेच वहीत मोजून लिहा, जाती ओळखताना तेच कामाला येतं.

पानाच्या बुडापासून टोकापर्यंत तीन-पाच ठळक शिरा कमानीसारख्या जातात का? मग ते मेलास्टोमॅटेसी, आपल्या अंजनीचं कुल. या जंगलात ते इतकं आहे की पहिल्या दिवशी तुम्ही थांबाल त्यातली अर्धी झाडं हीच निघतील.

शेवटी कळी बघा. पाकळ्या जास्वंदीच्या कळीसारख्या एका दिशेने पिळलेल्या असतात. समोरासमोर पानं, चीक नाही, उपपर्ण नाही आणि पिळलेली कळी हे चारही जमलं की तुम्ही जेन्शियनेसीत आहात.

गंमत बघा, सिंकोना हे क्विनीनचं झाड लोहाच्याच डोंगरातलं, आणि ते रुबिएसीतलं असलं तरी जेन्शियन, तगर, कॉफी, कुचला ही सगळी एकाच गणात येतात, जेन्शियनेल्स. म्हणूनच ही कुलं एकमेकांसारखी दिसतात आणि म्हणूनच एवढं ताडून बघावं लागतं.

आणि एक, पान चावून कडू लागतंय का बघायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. नका करू. याच जंगलात विषारी झाडं शेजारी शेजारी उभी असतात आणि कडू तीही लागतात.

६. वंश: मॅक्रोकार्पिया की दुसरं काही

इथे मी स्वतः पहिल्या महिन्यात चुकले. लोहाहून सामोराकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला, दरड कोसळून उघड्या पडलेल्या उतारावर हिरवट घंटांचं जेन्शियन दिसलं. सात शीट केल्या आणि सगळ्यांवर मॅक्रोकार्पिया लिहिलं. ते चेलोनँथस निघालं. ते उघड्यावर, रस्त्याकडेला हमखास येतं. फूलही हिरवट, वटवाघळं त्याच्यावरही येतात. फरक फुलोऱ्यात होता आणि मी फुलोरा नीट बघितलाच नव्हता. चेलोनँथसमध्ये फुलोरा आधी दोन फांद्यांत फुटतो आणि मग प्रत्येक फांदी लांबच लांब वाढत जाते, फुलं तिच्या एकाच बाजूला ओळीने. मॅक्रोकार्पियात फांद्या पुन्हा पुन्हा दोन-दोनात फुटत राहतात त्यामुळे फुलोरा मोठ्या मोकळ्या झुबक्यासारखा दिसतो. शंका उरलीच तर मायक्रोस्कोप आहे, चेलोनँथसचे परागकण चार-चारच्या किंवा त्याहून मोठ्या गठ्ठ्यात असतात, मॅक्रोकार्पियाचे सुटे.

दुसरा नातेवाईक सिम्बोलँथस. हाही झुडूप, हाही ढगातल्या जंगलातला. पण फुलं मोठी, बहुतेक वेळा गुलाबी किंवा लाल, हमिंगबर्डसाठीची. काही जातींची मात्र हिरवट पांढरी असतात आणि रंगावर गेलात की फसलात. म्हणून रंग बघूच नका, फूल उभं फाडा. सिम्बोलँथसमध्ये पुंकेसरांच्या बुडाशी पडद्यासारखं एक कडं असतं, त्याच्यावरूनच त्याला इंग्रजीत वलय-जेन्शियन अशा अर्थाचं नाव मिळालंय. मॅक्रोकार्पियात ते कडं नसतं. हे फूल फाडून बघायला अर्धा मिनिट लागतं आणि तरी हर्बेरियममध्ये या दोघांची अदलाबदल झालेल्या शीट मी हाताने बाजूला काढल्या आहेत, कारण वाळलेलं फूल कोणी फाडायला धजावत नाही.

तिसरा टाकिया. तो खालच्या, गरम जंगलातला, खोड पोकळ आणि आत मुंग्या, फुलं पानाच्या बेचक्यात एकेकटी. फुलोरा टोकाला असेल तर टाकिया नाही.

नावांचा एक सापळा इथेच सांगते. जुन्या कागदांत यातल्या कितीतरी जाती लिसिअँथस नावाखाली आहेत, कारण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली बरीचशी मोठ्या फुलांची जेन्शियन त्याच नावात कोंबलेली होती. खरा लिसिअँथियस हा वेगळा वंश आहे. आणि फुलवाल्याकडे लिसिअँथस म्हणून जे गुलाबासारखं फूल मिळतं ते युस्टोमा, ते तिसरंच. नुसत्या नावावर सर्च मारलात तर तिन्हींचा काला समोर येतो.

७. संध्याकाळी परत जा

मॅक्रोकार्पियाला इंग्रजीत चंद्र-जेन्शियन म्हणतात. एका जातीचं नावच लुना-जेन्शियाना, दुसरीचं नोक्टिल्युका, म्हणजे रात्री उजळणारी. अपराटा हे नाव तर एक झाड संध्याकाळच्या अंधारात अचानक समोर प्रकट झाल्यासारखं दिसलं म्हणून दिलेलं. नावं अशी आहेत कारण ही फुलं खरंच रात्रीची आहेत, वटवाघळांसाठी आणि पतंगांसाठी.

म्हणून दिवसा झाड शोधून ठेवायचं, फांदीला रिबीन बांधायची, जीपीएस मारायचा, आणि सहाच्या सुमाराला परत येऊन उभं राहायचं. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश लांबत नाही, साडेसहाच्या आसपास दिवस मावळला की बघता बघता काळोख होतो, आपल्याकडे उन्हाळ्यात जसा रेंगाळतो तसं तिथे नाही. मला आठवतंय, एका झाडापाशी मी आणि माझी सोबतीण छत्रीखाली उभ्या होतो, ढग इतका दाट की हेडलॅम्पचा उजेड दोन हातांवर थांबत होता, आणि त्या उजेडात दुपारी मळकट हिरवी वाटलेली घंटा फिकट, जवळजवळ पांढरी दिसायला लागली, कडा बाहेर वळलेल्या, पुंकेसर पाचही तोंडाशी आलेले, आणि पानांवरून पाणी ठिबकतंय तरी आत पराग कोरडा, कारण घंटा खाली तोंड करून लोंबत होती. हे वाळलेल्या शीटवर कधीच दिसणार नाही. ते तपकिरी कागदासारखं चपटं होणार आणि पुढे शंभर वर्षं लोक त्यावरून भांडणार की फूल उभं होतं का लोंबतं.

तेव्हा तिथल्या तिथे वहीत लिहा: फुलाचा रंग बाहेरून आणि आतून वेगळा, तोंडाचा व्यास, वास येतो का आणि कसला, फूल लोंबतं का आडवं, पुंकेसर बाहेर डोकावतात का आत राहतात, झाडाची उंची, खोड पोकळ का भरीव, पानाच्या खालच्या बाजूची लव. फोटो काढाच, पण फोटो म्हणजे नोंद नव्हे, हेडलॅम्पमध्ये हिरवा रंग पिवळा येतो.

सापळा: एकटे जाऊ नका. अंधारात, ओल्या उतारावर, ढगात, पायवाट दहा मीटरवर असली तरी सापडत नाही.

८. दाबणं आणि वाळवणं

सह्याद्रीत आपण पेपर बदलत बदलत नमुने वाळवतो. तिथे ते होत नाही. हवा इतकी ओली असते की तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. म्हणून अल्कोहोलची पद्धत. फांदी पेपरात घालायची, पेपरांचा गठ्ठा बांधायचा, जाड पिशवीत ठेवून वरून अल्कोहोल ओतायचं, तोंड घट्ट बांधायचं. असा गठ्ठा काही आठवडे टिकतो, मग गावात येऊन हीटरवर वाळवायचा.

आता पेन्सिलीचं कारण. अल्कोहोलने पेनाची शाई धुऊन निघते. पेपराच्या कडेला आणि चिठ्ठीवर नंबर पेन्सिलीने लिहिला नसेल तर तुमच्याकडे बावीस गठ्ठे झाडपाला उरतो, नमुने नाही.

डीएनएसाठीचा पानाचा तुकडा अल्कोहोल ओतायच्या आधी काढून सिलिकात टाका. अल्कोहोलमध्ये भिजलेल्या पानातून धड डीएनए निघत नाही. हे मला माहीत होतं, तरी एका पावसाळी रात्री दमून मी क्रम उलटा केला आणि चार झाडांचं काम गेलं. तेव्हापासून सिलिकाची पुडी फांदी तोडल्या जागीच, झाडाखालीच भरते.

प्रत्येक झाडाची निदान दोन फुलं बाटलीत, अल्कोहोलमध्ये, आणि दोन फुलं उभी फाडून, उघडून, पेपरवर पसरून दाबलेली. बोंडं असतील तर तीही घ्या, उघडलेली आणि न उघडलेली. बिया कागदी पुडीत वेगळ्या. ग्रँटने २००५ मध्ये या वंशाचे मॅक्रोकार्पिया, टॅबॅसिफोलिए, मॅग्नोलिफोलिए आणि कोरिओफिला असे चार विभाग मांडले तेव्हा बियांचा आकार आणि परागकण यांचा मोठा आधार घेतला होता. बी नाही म्हणजे विभाग ठरवताना हात अर्धे बांधले जातात.

९. आता जातीचं नाव

घाई इथेच होते. घरी आलात, शीट समोर आहेत, आणि लगेच ऑनलाइन फोटोंशी जुळवायला बसता. नका. फोटोंवर नावं टाकणारे तुमच्याआमच्यासारखेच असतात. नाव शेवटी जुळवायचं ते टाइपशी, म्हणजे ज्या एका नमुन्यावर ते नाव पहिल्यांदा दिलं गेलं त्या शीटशी.

क्रम असा ठेवा. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइनवर आज मान्य असलेल्या जातींची यादी काढा. त्यातल्या तुमच्या देशातल्या वेगळ्या करा. आयपीएनआय आणि ट्रॉपिकॉस या वनस्पतींच्या नावांच्या ऑनलाइन साठ्यांवर प्रत्येकीचं मूळ प्रकाशन शोधा. टाइपचे स्कॅन जेस्टोरच्या ग्लोबल प्लांट्सवर आणि हर्बेरियमच्या स्वतःच्या साइटवर मिळतात. ग्रँट आणि सहकाऱ्यांच्या मालिकेची शीर्षकं लॅटिनमध्ये आहेत, त्याला बिचकून सोडून देऊ नका, आतला मजकूर इंग्रजीत आहे.

मग एक तक्ता करा, वहीतच केलात तरी चालेल. पानाच्या बुडाचा आकार, बांगडीची उंची, लव कुठे आणि कशी, निदलांची (फुलाच्या बुडाशी असलेल्या हिरव्या दलांची) लांबी आणि कडा, घंटेची लांबी आणि कुठे फुगते, बोंड, बी. तुमच्या नमुन्याची मापं आधी भरा, नंतर वर्णनं वाचा. उलट केलंत तर डोळा वर्णनातलंच बघायला लागतो, हे माझ्यासोबत इतक्यांदा झालंय की आता मी मापं भरल्याशिवाय पेपर उघडतच नाही.

इथे एक गोष्ट तुम्हाला चटका लावेल. गिल्ग बर्लिनला काम करायचा, त्यामुळे त्याने नावं दिलेल्या जातींचे टाइप बर्लिनच्या हर्बेरियममध्ये होते. मार्च १९४३ मधल्या बॉम्बहल्ल्यात ते हर्बेरियम जळालं. सुदैवाने शिकागोच्या फील्ड म्युझियमकडून मॅकब्राइड नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १९२९ पासून युरोपात फिरून टाइपचे फोटो काढत होता, ते काळेपांढरे फोटो आज उपलब्ध आहेत. पण फोटोतलं फूल फाडता येत नाही. कडं आहे का नाही, बी कसलं, लव कसली, काही कळत नाही. अशा वेळी त्याच संग्राहकाचा त्याच झाडाचा डुप्लिकेट दुसऱ्या कुठल्या हर्बेरियममध्ये गेला होता का ते शोधावं लागतं, सापडला तर पुढे त्याला लेक्टोटाइप, म्हणजे मागाहून ठरवलेला टाइप, म्हणून निवडता येतं. क्विटोमधला पाद्री सोदिरो, ज्याच्या नावाने मॅक्रोकार्पिया सोदिरोआना आहे, त्याच्यासारख्या लोकांचे नमुने म्हणूनच दोन-तीन शहरांत शोधायचे असतात, एका ठिकाणी नाही मिळाले म्हणून थांबायचं नाही.

१०. कशाशीच जुळत नसेल तर

या वंशात नवी जाती मिळण्याची शक्यता खरी आहे. तरी पहिला आठवडा कोणाला सांगू नका आणि स्वतःलाही सांगू नका. एकच झाड मिळालंय का पाच? सावलीतलं पान आणि उन्हातलं पान वेगळं असतं, कोवळ्या फांदीवरची लव जून फांदीवर नसते. किमान दोन-तीन झाडांवर तोच फरक दिसायला हवा, आणि शेजारच्या देशातल्या जाती तपासल्या का? दक्षिण इक्वाडोरचं झाड पेरूत आधीच नाव घेऊन बसलेलं असू शकतं, सीमा झाडांना नसते.

तरी टिकलं तर प्रकाशित करायचे नियम स्पष्ट आहेत. वर्णन किंवा निदान लॅटिनमध्ये असणं १ जानेवारी २०१२ पासून सक्तीचं नाही, इंग्रजीही चालतं, मराठी मात्र नाही. होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा मूळ टाइप, म्हणून एकच नमुना आणि तो कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवलाय त्याचं नाव स्पष्ट लिहावं लागतं. होलोटाइप ज्या देशाचं झाड आहे त्याच देशात ठेवा, परवान्याची अट असो नसो. तिथल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या डोंगरातलं झाड बघायला विमानाचं तिकीट लागू नये. आणि ज्या स्थानिक माणसाने तुम्हाला झाड दाखवलं त्याचं नाव त्याला विचारून संग्राहकांत घाला.

डुप्लिकेट निदान चार करा, एक त्या देशाच्या राष्ट्रीय हर्बेरियमला, एक त्या प्रांतातल्या, आणि उरलेले समुद्रापलीकडे दोन वेगवेगळ्या शहरांत. लेबलवर उंची, अक्षांश-रेखांश, तारीख, आणि फुलाचा रंग रात्री किती वाजता बघितला ती वेळसुद्धा लिहा. लेबल चारही शीटवर तंतोतंत एकच हवं, हाताने कॉपी करताना नंबर चुकतो, म्हणून एकदाच टाइप करून चार प्रिंट काढा आणि चिकटवायच्या आधी मोठ्याने वाचून पेपरावरच्या पेन्सिलीच्या नंबरशी ताडून बघा.